पुलाखालची घरभेट

कल्याणला प्रोबेशन ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक मावशी आणि एक दाढीवाला तरुण बसलेले.

"तुझी कितवी हजेरी रे?"

"सातवी. तुमचं कोण, मावशी?"

"पोरगा. आत गेलाय. पावडर ओढताना पकडलेला, आता बॉण्डवर सोडलाय. इथल्या प्रोबेशनच्या मॅडम म्हणे घर बघायला येणार. चाळीत काय तोंड दाखवू मी?"

"येऊ द्या हो. माझ्याकडे पण आलेल्या."

"तू कुठे राहतोस?"

"पुलाखाली, स्टेशनजवळ."

"मग बघितलं काय त्यांनी?"

"माझी ताडपत्री आहे ना. मला वाटलं, लांबूनच बघतील, लिहून घेतील, जातील. तर त्यांनी कडेला चपला काढल्या, मग आत आल्या."

"पुलाखाली चपला काढल्या?"

"हो ना! खाली बसल्या. जेवलास का विचारलं. मी बाटलीतलं पाणी दिलं, ते पण प्यायल्या."

"भलं होवो बाई तिचं."

"खोटं कशाला बोलू मावशी, तेव्हा माझ्या खिशात पावडरची पुडी होती."

"अरे देवा! सापडली?"

"झडती कुठे घेतली? निघताना म्हणाल्या, येते हां दिपेश. पाहुणे बोलतात ना, तसं."

"आणि पुडी? ओढलीस?"

"त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेलो. येताना पुडी गटारात टाकली. मग चपला काढल्या आणि घरात गेलो."