बरणीतलं विरजण

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. नवऱ्याने टॉवेलात गुंडाळलेली बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

“अहो, द्या जरा माझ्याकडे. हात भरून आले असतील.”

“नको. एकदा माझ्याच हातून गेलंय ते.”

“फिरायला म्हणून निघालो आणि तुम्ही गावोगावचे बीअरचे छोटे कारखाने पालथे घातलेत!”

“म्हणून तर सापडलं. पहिल्याच घोटाला कळलं, ही बाबांची चव.”

“तो कारखानेवाला म्हातारा किती कौतुकाने सांगत होता!”

“सांगणारच. वीस वर्षांपूर्वी बाबांनीच त्याला आपलं बीअर आंबवायचं यीस्ट दिलं. तेव्हापासून दर खेपेतलं थोडं पुढच्या खेपेसाठी राखतोय, विरजणासारखं.”

“आणि तुम्ही बाबा गेल्यावर आपली यीस्टची बरणी घाण समजून विसळून टाकलीत.”

“बाबांचा सगळा कारखाना धुवायला काढला होता गं. चार वर्षं झाली, दादा बोलत नाही माझ्याशी.”

“मग करा की फोन.”

“तू कर. माझा आवाज ऐकला तर ठेवून देईल.”

तिने तिथेच फोन लावला, दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि फोन कानाला धरून उभी राहिली.

“काय म्हणतोय? चिडलाय?”

“थांबा... भाऊजी विचारतायत, झाकण घट्ट लावलंय का? गॅस कोंडला तर बरणी फुटेल म्हणतायत.”

नवऱ्याने घाईघाईने टॉवेल सोडला आणि झाकण फिरवून सैल केलं.

“सांग त्याला, सैलच आहे.”