मास्तरांनी गाळलेल्या ओळी

...नाही, पण मी म्हणतो, कॉम्प्युटर मुका झाला तर झाला, माणसानं इतकं मनाला लावून घ्यावं? आमच्या शेजारचे टायपिंगचे मास्तर, तुम्हाला सांगतो, धड जेवत नव्हते, धड बोलत नव्हते! आणि सगळं कशापायी? तर एका आवाजापायी!

झालं काय, मशीन पार म्हातारं, त्याला झेपेल अशी एक फुकटातली ऑपरेटिंग सिस्टिम मास्तरांनी स्वतः बसवली. हौशी मंडळी मिळून बनवतात म्हणे. मशीन पळायला लागलं, पण वाचाच गेली! आता मास्तरांची लेक बोटीवर इंजिनियर, भर समुद्रातून नेटवरच काय ती भेटणार, आणि यांचा फोन बटणांचा. पडद्यावर लेक हसतेय, ओठ हलतायत, आणि मास्तर नि त्यांच्या मंडळी, आमच्या काकी, समोर बसून नुसत्या माना डोलावतायत! तिनं काही विचारलं असेल तर? काकी तर पडद्यालाच कान लावायच्या...

मग मास्तरांनी सिस्टिमवाल्यांना ईमेल केली. उत्तर आलं, हार्डवेअरचा लॉग पाठवा. लॉग म्हणजे काय, तर मशीन सुरू होताना स्वतःशी पुटपुटतं ना, कुठला भाग सापडला, कुठला रुसला, ते सगळं. ढीगभर ओळी! दुसऱ्या कुणी डोळे मिटून जोडला असता. पण मास्तर ते मास्तर, त्यांनी आख्खा वाचला! बॅटरी थकलीय, पंखा अडकतोय, अमक्यानं उत्तर दिलं नाही... त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्यांपुढे घरची लक्तरं टांगायची कशी हो? जिथे जिथे ‘एरर’ दिसलं ती ओळ खोडली, आणि सगळं कसं झकास आहे असा चकचकीत लॉग धाडला!

तिकडून विचारणा : यात तर काहीच बिघडलेलं नाही, मग अडचण काय? काकींनी खोदून विचारलं तेव्हा कुठे मास्तर कबूल झाले.

काकी म्हणाल्या, “अहो, डॉक्टरकडे जायचं आणि दुखतं तेच लपवायचं, ही तुमची जुनीच खोड. पाठवा सगळं. कुणी हसत नाही.”

पाठवलं! मनावर दगड ठेवून, वर तळटीप, ‘ओळी मीच खोडल्या होत्या, माफ करा. मशीन माझ्याच वयाचं समजा, सांभाळून घ्या.’ एका आवाजापायी हो...!

आणि तिकडच्या त्या सिस्टिमवाल्या माणसानं, ना ओळख ना पाळख, काय लिहावं? “खोडलेल्या ओळीच मला हव्या होत्या. माफी कसली मागता, माझे वडीलही असंच मशीन वापरतात.” मागोमाग दुरुस्तीची फाइल आली, मास्तरांनी बसवली, आणि रविवारी कॉल लागला.

“आई, आज तरी ऐकू येतंय का गं?”

काकींनी सवयीनं पडद्यालाच कान लावला. मास्तरच म्हणाले, “येतंय, बाळा. बोल तू. काहीही बोल.”

पण सुख असं सरळ पदरात पडतं होय? आवाज आला आणि चित्र गेलं! लेकीच्या जागी नुसता काळाकुट्ट चौकोन! काकी म्हणाल्या, “राहू द्या. चेहरा पाठ आहे मला तिचा.” मास्तर ‘बरं’ म्हणाले, आणि गुपचूप नवा लॉग जोडायला बसले!

चालायचंच... सिस्टिमवाले म्हणतात, पुढच्या आवृत्तीत चित्र नक्की दिसेल. काकी म्हणतात, त्याच्या आधी लेकच घरी येईल.