करंगळीएवढी नळी

त्या बाजाले प्राण देणारा माणूस मी होतो. मी म्हणून नाई राहिलो, फादरनं उद्घाटनाच्या पत्रिकेत तसं छापलं होतं, या महान वाद्यास प्राणवायू देणारे श्री. हमीदभाई पेटीवाले. म्हंजे काय, तं मी बाजाच्या मागं लाकडी कपाटात स्टुलावर बसून भात्याचा दांडा वरखाली करत होतो आन घरी आलो की बायकोकडून खांद्याले बाम चोळून घेत होतो.

मी मूळचा बाळापूरचा. आमचे अब्बा पेट्या बनवत, भजनाच्या, कव्वालीच्या, कुणाच्याही, पेटीले कुठं धरम असते. मी लहान होतो तवा अब्बा मले भिंतीकडं तोंड करून उभं करायचे आन मागून एकेक सूर वाजवायचे, सांग कोणता, चुकला की पाठीत एक ठेवून द्यायचे. तसा माझा कान तयार झाला. पुढं लग्न झालं आन सासऱ्यानं अमरावतीत एक गाळा पाहून देला, तवापासून इथंच हाओ. आमच्या धंद्याचं सांगतो तुमाले, कापूस पिकला की पेट्या दुरुस्तीले येतात, नाई पिकला तं मंडळं फाटक्या भात्यावरच भजन करतात. मी ज्या वर्सांचं सांगून राहिलो त्या वर्सांत लोकं लई फाटक्या भात्यावर गायले.

एक डाव दर्यापूरकडून दोघं जीपमध्ये पेटी घेऊन आले. तिले लाल कपडा बांधलेला, वर लिंबू. काय म्हणे, ही आपोआप वाजते, याच्यात कोणीतरी हाये. मी म्हटलं, बसा, पाहू कोण हाये. खोलली, तं पट्टीखाली ज्वारीचा दाणा अडकला होता. दाणा त्याईले देला, लिंबू मी ठेवून घेतलं, सरबत केलं. चाळीस वर्सं हेच पाहत आलो ना मी. पेटीतलं भूत म्हंजे कचरा. काय सांगू तुमाले, हे मी इतक्या लोकाईले सांगितलं की मलेच ते पाठ होऊन गेलं.

मंग ते बाजाचं. आमच्या इकडं एक मोठं चर्च हाये, नाव कशाले घ्याचं. तिथं परदेशातल्या लोकाईनं नवाकोरा पाइप ऑर्गन भेट पाठवला. खोक्यांमागून खोके आले. जोडाले दक्षिणेतून थॉमससाहेब म्हणून एक कारागीर आला, दोन महिने राहिला, मोठा जाणकार माणूस. शेकड्यानं नळ्या. सगळ्यात मोठी दोन माणसं उंच, सगळ्यात लहान माझ्या करंगळीएवढी. परदेशातल्या लोकाईनं पत्रं लिहून लिहून सारं इचारलं, भिंती किती उंच, पाऊस किती, लाकडाले वाळवी लागते का. फक्त लाइन असते का हे नाई इचारलं. बाजात हवा भराले इजेचा पंखा, आन आमच्याकडं तवा बारा-बारा तास लोडशेडिंग. मंग थॉमससाहेबानं मले बोलावलं, का बा तुमी कातड्याचं काम करता, आपण हातभाता बसवू. मी बसवला. आपल्या पेटीचाच भाता, फक्त म्हशीएवढा. थॉमससाहेब काम संपवून गावाले गेला आन दांडा हलवाले मी राहिलो, कारण त्या भात्याची खोड मलेच ठाऊक.

वाजवाले डेव्हिड मास्तर, रिटायर शिक्षक, सत्तरीचे. उद्घाटनाले दोन महिने होते, चैत लागला होता. रोज दुपारी आमची तालीम. दुपारी कारण चर्च रिकामं असे, आन लाइनही नसे म्हणून हातभात्याचीही तालीम होई. आत मी दांड्यावर, बाहेर मास्तर, आन खाली मेरीबाई झाडू मारून राहिली. मेरीबाई तिथंच झाडाले होती, तिचा नवरा लूकस, सायकलरिक्षा चालवे, तो पोटाच्या दुखण्यानं सरकारी दवाखान्यात पडला होता. डॉक्टर आज म्हणत ऑपरेशन करू, उद्या म्हणत थांबू.

एका दुपारी मास्तरनं गाणं संपवलं, हात उचलले. मीही दांडा सोडला. सारं थंड झालं, आन माझ्या कानापाशी एक सूर चालूच. इतका बारीक की मच्छर म्हणा. पट्टीवर कोणाचं बोट नाई आन सूर हाये. मंग हळूहळू तो खाली खाली आला, कापला, जसा माणूस शेवटचा श्वास सोडते तसा गेला. मी बाहेर आलो, मास्तर, ऐकलं का. मास्तर म्हणे काय. त्या वयात इतका बारीक सूर कानात शिरत नाई, आन मेरीबाई तं पार खाली. म्हंजे ऐकणारा मी एकटा. मी मनात म्हटलं, कचरा. दुसऱ्या दिवशी सकाळी खेड्यावरून चर्चात एक पेटी आली. आमची नाई, मयताची.

चार दिवस काही नाई. पाचव्या दिवशी पुन्हा वाजला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटी. मी त्या करंगळीवाल्या नळीखालची झडप खोलली, दाणा नाई, किडा नाई, धूळही नाई. चाळीस वर्सांत पह्यल्यांदा असं झालं का मी खोललं आन आत काही निघालं नाई. कचरा निघाला असता तं बरं होतं. तिसऱ्यांदा वाजला तवा मी दांडा सोडून बाहेरच पळालो, आन बाहेर उन्हात उभं राहून मले थंडी वाजली, खोटं नाई सांगत.

इथं माझी चूक झाली. चहा पिता पिता मी हे मेरीबाईले सांगून टाकलं, गंमत म्हणून. तिनं कप खाली ठेवला. झाडू उचलून कामाले लागली. पण दुसऱ्या दिवशी तालीम झाल्यावर कपाटाच्या दाराशी येऊन उभी, हातात झाडू. हमीदभाई, वाजली का. मी म्हटलं नाई. मंग ती डबा घेऊन दवाखान्यात गेली. तवापासून रोजचं झालं. मी नाई म्हणायचो आन ती जायची. माझं नाई ऐकल्याशिवाय तिचा पाय निघत नव्हता. आता सांगा, पेटी दुरुस्त करणाऱ्या माणसानं हे काम काहून करावं. कोणाच्या घरचं माणूस जाते का राहते, हे सांगाचं माझ्या कानानं.

उद्घाटन आठवड्यावर आलं, आन लूकसचं ऑपरेशनही त्याच दिवशी ठरलं, सकाळी. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी नळी वाजली. लांब वाजली, कधी नाई तितकी. मी कपाटातच बसून राहिलो. बाहेर झाडूचा आवाज थांबला. वाजली का. मी म्हटलं, नाई, बाई. आज एकदम चूप होती. तिनं माझ्या तोंडाकडं पाह्यलं, डबा उचलला, गेली. ती गेल्यावर मी गाळ्यातून कापूस आणला आन त्या नळीच्या वरच्या तोंडात चांगला ठासून भरला. आमच्या पेटीत एखादा सूर बोलू द्याचा नसला तं आमी तेच करतो, कापूस घालतो, सूर मरते. बस, म्हटलं, आता बोल.

उद्घाटनाच्या दिवशी बिशपसाहेब आले, हार झाले, भाषणं झाली. इजमंडळानं शब्द देला होता की लाइन जाणार नाई. पह्यल्याच गाण्यात गेली. मी दांडा धरला. कपाटाच्या फटीतून मले सारं दिसे, मेरीबाई मागच्या दारापाशी उभी होती. दवाखान्यात तिले आत घेत नव्हते, दुपारी या म्हणाले होते, म्हणून इथं आली. गाणं संपलं आन बिशपसाहेब म्हणाले, यंदा आपल्या भागात जे जे लोकं गेले त्याईच्यासाठी दोन मिनिटं शांत राहू. हजारभर माणूस उभं राहिलं. मास्तरनं हात उचलले.

आन वरून शीळ आली.

बारीक नाई आता. साफ. जशी कोणी गच्चीवरून कोणाले हळूच हाक मारावी तशी. मास्तरनं मान वर केली, बिशपसाहेबानं डोळे उघडले, बायांनी छातीवर क्रूस काढले. इतके दिवस जी मले एकट्याले ऐकू येत होती, ती मी सगळ्याईले ऐकवली. शीळ खाली खाली आली आन इझली. मी फटीतून पाह्यलं तं मेरीबाई माझ्याकडंच पाहून राहिली होती, त्या एवढ्याशा फटीकडं, बरोब्बर. मंग ती वळली आन अनवाणी चालाले लागली.

मी दांडा सोडला आन तिच्यामागं पळालो. मागं दुसरं गाणं सुरू झालं. भात्यात होती तितकी हवा पुरली आन अर्ध्या ओळीत बाजा म्हशीसारखा हंबरून बसला, बिशपसाहेबापुढं. तो मले रस्त्यावरपर्यंत ऐकू आला. पण त्या घडीले मले बाजाचं काही पडलं नव्हतं. मी सांगितलेलं नाई खोटं होतं, हे तिले आता ठाऊक झालं होतं, आन ते खोटं तिच्या गळ्यात मी बांधलं होतं.

दवाखान्यात आमी दोघं जिना चढलो. लूकसले ऑपरेशन करून खाटेवर आणला होता, नाकात नळी, डोळे मिटलेले. मेरीबाई उंबऱ्यातच थांबली, पुढं जायेना. मीच गेलो, हात लावला, तं गरम. डोळे उघडले त्यानं. माझ्या मागं तिले पाह्यलं आन म्हणे, चप्पल कुठं टाकून आली तू.

फादर लई चिडले, त्याईचंही बरोबर. थॉमससाहेबाले फोन केला. तो आला, पाह्यलं, आन हासला. म्हणे, हमीदभाई, तुमची पेटी येगळी आन नळी येगळी. नळीचं वरचं तोंड बंद केलं तं ती चूप नाई होत, एक सप्तक खाली बोलते. मास्तरच्या कानाले पोचेल अशा जागी तुमीच तिले आणून बसवली. आन आपोआप काहून वाजते, मी इचारलं. तं म्हणे, लाकूड. कडक ऊन पडलं की झडपेचं लाकूड आक्रसते, फट पडते, भात्यात उरलेली हवा तिथून निघते. हवा कोण भरते, म्हणे. मी म्हटलं, मीच. मंग मयत काहून येते. तो म्हणे, ते मले नाई माहीत, पण इतक्या उन्हात तुमच्याकडं माणसंही आक्रसत असतील. झडप बदलली त्यानं. नळी पुन्हा कधी आपोआप वाजली नाई. मयत येत राहिले, तितकेच.

मेरीबाईले मी हे सारं समजावून सांगितलं, लाकूड, ऊन, फट. तिनं पुरं ऐकून घेतलं आन म्हणे, तुमी नाई म्हटलं, म्हणून राहिला तो. आन रोज इचारणं तिनं काही सोडलं नाई. मीही रोज नाई म्हणत राहिलो. आता ते खरं होतं, पण सांगताना खोट्यासारखंच वाटे.

आता माझं वय झालं. चर्चनं बॅटऱ्या बसवल्या, दांडा हलवाले माणूस लागत नाई. पोरगा मोबाइल दुरुस्त करते, अल्लानं त्याले चांगलं ठेवावं, पेटीतलं त्याले काही समजत नाई. लूकस सहा वर्सं जगला, रिक्षा चालवली, पोरीचं लग्न केलं. मंग बॅटऱ्या बसल्या त्याच वर्सी, पौषात, चांगल्या थंडीत, झोपेत गेला. मिट्टीले मी गेलो होतो. सारं झाल्यावर मेरीबाई माझ्यापाशी आली आन लई दिवसांनी पुन्हा इचारलं, हमीदभाई, काल वाजली होती का. मी म्हटलं, बाई, बाजा पंधरा दिवसांपासून बंद हाये. उंदरानं वायर खाल्ली.