तेरा मुद्दे, एक कुलूप

...आणि वर आमचे डॉक्टर मलाच म्हणतात, ‘सिस्टर, घाबरू नका, आपली सगळी तयारी आहे!’ तयारी! अहो, तुम्हाला सांगते, त्या तयारीचं कुणी नाव जरी काढलं ना, तरी मी कानावर हात ठेवते. बावीस वर्षं झाली मला माकणीत, ह्याच दवाखान्यात. आधी मोठे डॉक्टर होते, आता त्यांचे चिरंजीव, डॉक्टर कृष्णराज. साप चावलेली बघितली, विहिरीत पडलेली बघितली, एकदा तर बैलानं उचलून फेकलेला माणूस स्वतः चालत आला आणि म्हणाला, ‘तारामतीबाई, आधी च्या सांगा.’ कशाला म्हणून दचकले न्हाय मी. पण त्या पुराच्या दिवशी जे बघितलं... गारच पडले हो!

झालं काय, उन्हाळ्यात आमचे सर धाराशिवला दोन दिवसांचं प्रशिक्षण करून आले. पूर आला, वारं सुटलं, जमीन हलली, तरी दवाखाना चालू कसा ठेवायचा, ह्याचं! आले ते हातात यादी घेऊनच. तेरा मुद्दे! जनरेटर, बॅटरी, नेहमीच्या पेशंटला एकेक पिवळं कार्ड, त्यावर नाव, दुखणं आणि चालू गोळ्या, वरून प्लास्टिक चढवलेलं. शिवाय तातडीच्या औषधांची लोखंडी पेटी. पेटी गावच्या आण्णासाहेबांनी भेट दिली, म्हणून तिच्यावर त्यांचं नाव एवढं मोठं की औषधाचं लाल चिन्ह काढायला जागाच उरली न्हाय. आणि सर प्रत्येकाला काय सांगायचे? ‘हे जपून ठेवा हं.’ इथंच घात झाला! आपल्या माणसाला दुसरं काहीही सांगा, ह्या कानानं ऐकंल, त्या कानानं सोडंल. पण ‘जपून ठेव’ म्हणालात की असं जपतो, असं जपतो, की पुन्हा ती वस्तू त्याची त्यालाच घावत न्हाय.

सप्टेंबरात पाऊस लागला. तीन दिवस खळ न्हाय. चौथ्या दिवशी सकाळी सहाला ओढ्याचं पाणी दवाखान्याच्या पायरीला! मी ओरडले, ‘सर, पाणी!’ तर सर असे शांत, जणू पाण्याला त्यांनीच वेळ दिली होती. म्हणाले, ‘मुद्दा पहिला. दवाखाना शाळेत हलवायचा.’ शाळा उंचावर. फ्रिजमधलं इन्सुलिन त्यांनी बर्फाच्या पिशव्यांसकट थर्मासच्या डब्यात घातलं, डबा पेटीत ठेवला, आणि मला म्हणाले, कुलूप लावा. ते दाबून लागणारं कुलूप, पेटीला रोज उघडंच लटकलेलं असायचं. मी दाबलं. खट्! पेटी आण्णासाहेबांच्या ट्रॅक्टरवर चढली, आम्ही शाळेत. मागं तालुक्याला, लोहाऱ्याला जाणारा रस्ता पाण्याखाली, लाईट गेलेली, मोबाईलला रेंज न्हाय.

आणि सुरू झालं बघा!

सरांनी विचारलं, ‘सोमेश, बॅटरी?’ सोमेश आमचा कंपाउंडर. म्हणतो, ‘जपून ठेवलीय, सर!’ आणि काढली खोक्यातून, नवीकोरी, वरचा कागदसुद्धा फाडलेला न्हाय. बटण दाबलं, उजेडच न्हाय! ‘सेल कुठायत?’ ‘सेल उतरत्यात म्हणून काढून घरी जपून ठेवल्यात.’ घर कुठं? ओढ्याच्या पलीकडं! बरं, जनरेटर? जनरेटर आला होता, ट्रॅक्टरवर बसून, ऐटीत. डिझेल? आण्णासाहेब म्हणाले, ‘डॉक्टर, अहो, चोर लई झालेत. म्या कॅन शेतातल्या शेडात जपून ठेवलाय.’ शेत कुठं? मी विचारलंच न्हाय. मला उत्तर माहीत होतं.

मग लोकं यायला लागली. वस्तीवरची, खालच्या गल्लीतली, भिजून चिंब. कमलबाई आल्या, साखरेच्या पेशंट, एका बगलेत कोंबडी, दुसऱ्या हातात मिक्सरचं झाकण. नुसतं झाकण! मी म्हणाले, ‘कमलबाई, पिवळं कार्ड?’ तर बाई चक्क दुखावल्या. ‘म्हंजी? म्या काय हयगय केली का? लेकीच्या लग्नाच्या शालूत गुंडाळून, घरच्या पेटीच्या तळाला जपून ठेवलंय!’ गोरोबाकाकांना बीपी. ‘काका, कार्ड?’ ‘देवाऱ्यात, बाई. रोज हळद-कुंकू वाहतो.’ ‘बरं, गोळी कुठली चालू हाय?’ ‘पांढरी.’ ‘काका, सगळ्याच पांढऱ्या असतात!’ ‘बारकी पांढरी,’ म्हणाले, आणि माझ्याकडं असं बघितलं की बावीस वर्षांत ही बाई एवढंही शिकली न्हाय का! अहो, साठ कार्डं वाटली होती आम्ही. साठ! शाळेत किती आली? एक. तेसुद्धा मेलेल्या माणसाचं, त्याच्या सुनेनं आठवण म्हणून आणलेलं. आणि मी बोलले हो सगळ्यांना! तोंडाला येईल ते बोलले. ‘अक्कल हाय का? जपून ठेवायचं म्हणजे हाताशी ठेवायचं! मी ठेवते तसं!’

असं म्हणाले मी. सगळ्या वर्गासमोर.

तेवढ्यात म्हाळसाबाई आल्या. मेंढरंवाल्या, वस्तीवर राहतात, कमरेला पदर खोचलेला, खांद्यावर कुऱ्हाड, आणि पाठुंगळीला नात. समृद्धी. नववीत हाय पोर. तिला लहानपणापासून इन्सुलिन लागतं, सकाळ-संध्याकाळ, एक वेळसुद्धा चुकवून चालत न्हाय. ‘बाटली व्हती वो, पाण्याच्या डेऱ्यात गार जपून ठिवलेली, पर डेराच वाहून गेला...’ दुपारचे बारा वाजलेले, सकाळची सुई झालेली न्हाय. पोरीचे ओठ कोरडे, सारखी पाणी मागतीय, दोनदा उलटी केली, डोळे मिटायला लागले. सरांनी खिशातल्या मशिनवर साखर बघितली. साडेचारशेच्या वर! पहिल्यांदा त्यांचा चेहरा बदलला. पण आवाज तसाच. ‘काही काळजी नाही. इन्सुलिन पेटीत आहे. सिस्टर, किल्ली?’

आणि माझ्या तोंडातून काय निघालं असंल?

‘जपून ठेवलीय, सर.’

सगळा वर्ग माझ्याकडं वळला. कमलबाईंची कोंबडीसुद्धा मान वळवून बघायला लागली! किल्ली उन्हाळ्यातच सरांनी माझ्याकडं दिली होती, आणि मी... मी ती ठेवली होती. एवढं आठवतंय. कुठं, ते न्हाय! पर्स उलटी केली. बटवा उलटा केला. मिठाच्या बरणीत? कॅलेंडरमागं? शिवणाच्या मशिनच्या खणात? डोळे मिटून सगळं घर फिरले मी, उभ्या जागी. पोर समोर, औषध समोर, दीड हाताच्या अंतरावर, आणि मधी माझं कुलूप! तिला काही झालं असतं ना, तर मी पुन्हा कुणाला सुई टोचायला उभी राहिले नसते. खरं सांगते.

सोमेशनं दगड घातला, तो बोटावर. आण्णासाहेब आडवे आले! ‘अरे, कोयंडा तुटंल, नवी पेटी हाय, माझं नाव हाय तिच्यावर!’ तर म्हाळसाबाईंनी नातीला माझ्या मांडीवर टाकलं, कुऱ्हाड उलटी धरली, आणि म्हणाल्या, ‘आण्णा, सरका. न्हायतर नाव ऱ्हाईल आन् आण्णा न्हाय ऱ्हायचा.’ पहिला घाव नावावर! ‘सा’ आणि ‘हे’ गेलं. दुसरा कुलपावर. तुटलं!

डबा गार होता, बर्फ अजून होता. सरांनी सुई दिली, वर घोट-घोट पाणी पाजलं, तासातासाला साखर बघितली. संध्याकाळी दोनशेवर आली, आणि पोरीनं डोळे उघडून विचारलं, ‘आज्जी, मेंढरं?’ म्हाळसाबाई रडल्या, मी रडले, गोरोबाकाका तर आमच्यापेक्षा मोठ्यानं रडले. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तिला धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. आता ठणठणीत हाय.

किल्ली? न्हाय सापडली. चार वेळा घर झाडलं.

आणि परवा सर नवी यादी घेऊन आले. आता चौदा मुद्दे. चौदावा म्हणजे, ‘कुऱ्हाड एक. म्हाळसाबाईंकडे राहील.’ आणि त्याच्या खाली, लाल शाईनं, दोनदा अधोरेखित, ‘सिस्टरना जपायला देऊ नये.’ लाल शाईनं हो! येणारा-जाणारा प्रत्येक पेशंट वाचतो, वाचून झाल्यावर माझ्याकडं बघतो. आणि ती यादी माझ्याच टेबलामागच्या भिंतीला चिकटवायचं काम सरांनी कुणाला सांगितलं असंल? मलाच! काय करता... चिकटवली. चारी कोपऱ्यांना डिंक लावून, पक्की.