शेवटचं कडवं

खोटं वाटेल, पण दारव्ह्याच्या बसस्टँडवर हे मी या कानांनी ऐकलं. माझ्या मागच्या बाकावर गाणी रचणारी मथुराबाई आणि तिची पॉडकास्टवाली नात पायल.

“आजी, तुह्यं भीमगीत टाकलं मी पॉडकास्टवर. खुल्या लायसननं.”

“खुल्या म्हंजे? कोणीबी उचलून नेईन?”

“नेईन, वाजवीन. फक्त रचणाऱ्याचं नाव द्या लागते.”

“अन् नाही देलं त?”

“त्याले हटकता येते.”

“तू कुठी हुडकशीन वं त्याले? मागच्या जयंतीले एका गायन पार्टीनं माह्यंच गाणं माह्यासमोर म्हटलं. नाव घेतलं त्याहिच्या गुरूचं!”

“म्हणूनच त लायसन, आजी!”

“बरं, वाजव.”

गाणं वाजलं, थांबलं.

“शेवटचं कडवं कुठी गेलं?”

“लांबत होतं, म्हणून कापलं.”

“पायल, माह्यं नाव, ‘म्हणे मथुरा’, त्याच कडव्यात हाये.”

“अवं, नाव खाली लिवलं ना मी!”

“गाणं ऐकणारा खाली कायले पाहीन? त्या पार्टीनंबी तेच कडवं कापलं होतं.”

“चुकलं आजी. काढून टाकतो.”

“अन् ज्याहीनं नेलं?”

“ते वापस नाही येत.”



“फोन धर इकडं. नव्यानं म्हणतो.”

घाटंजीची बस लागली तरी आजी उठेना. पहिल्या कडव्यात मथुरा आली, दुसऱ्यात आली, धृपदातही येऊन बसली.

“आजी, बस सुटते!”

“सुटू दे. आता काप म्हणा, कुठून कापता त!”