साडेसहाचा कार्यक्रम

दिनांक १५/१०/२०२४, दुपारी १२.४०

मी पुंजाजी तुकाराम हिवराळे, वय ६७ वर्षे, धंदा मोटार रिवायंडिंग (आता बंद), राहणार निंबखेडी शिवार, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून विचारल्याप्रमाणे सांगतो की,

वरील ठिकाणी शेतातल्या घरात मी व पत्नी बनाबाई असे दोघेच राहतो. पत्नीला साखरेच्या आजाराने सहा वर्षांपासून दिसत नाही. आमचा एकुलता मुलगा प्रेमानंद नागपूरला रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बोलायचा. काम रोजंदारीचे होते. आमच्या शिवारात ते स्टेशन लागत नाही, म्हणून तो कार्यक्रम मोबाइलमध्ये भरून मला पाठवायचा. असे एकेचाळीस कार्यक्रम माझ्याकडे आहेत.

दिनांक २/१०/२०२३ रोजी पत्नीला हृदयाचा झटका आला. ती दवाखान्यात असताना दिनांक ९/१०/२०२३ रोजी प्रेमानंद कामावर जाताना मोटारसायकल अपघातात मयत झाला. डॉक्टर म्हणाले, इतक्यात सांगू नका. ते इतक्यात अजून संपलेले नाही. त्याच्या मागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम खामगावला भावाच्या घरी उरकला. माझ्या घरात मुलाचा फोटो नाही. फोटो तिला दिसला नसता, पण येणारा-जाणारा हार घालील आणि फुलांचा वास येईल, म्हणून लावला नाही. गावातल्या लोकांपुढे हात जोडले. आजवर कोणी तोंड उघडले नाही, हे मी मुद्दाम लिहून घ्यायला सांगतो.

दवाखान्यातून घरी आल्यावर ती मुलाचा फोन का येत नाही म्हणून जेवेना. मी भरलेला कार्यक्रम मोबाइलवर ऐकवला. ती म्हणाली, "हे तं भरेल हाय. रेडिओवर लावा, म्हंजे आता बोलून राह्यला हे समजते." म्हणून मी गाडीत लावायचे एफएमचे यंत्र आणले व घरच्या बॅटरीवर जोडले. त्यात मेमरी कार्ड घातले की घरातल्या रेडिओवर आवाज येतो. रेडिओ तीन आहेत, एक चुलीजवळ, एक ओट्यावर, एक तिच्या खाटेशी. जिथे दुसरे काही लागत नाही अशा जागी तिन्हींचे काटे लावून ठेवले. रोज सायंकाळी साडेसहाला कार्यक्रम लागायचा. फोन येत नाही म्हणून दिवसभर रुसलेली बाई साडेसहाला भाकर मागायची. तीच ती माहिती येते, असे ती एकदाच म्हणाली. मग स्वतःच म्हणाली की शेती तरी दरसाल कुठे वेगळी असते.

ओट्यावरचा रेडिओ खरखर करायचा. म्हणून उन्हाळ्यात मी यंत्राला वाइंडिंगची तांब्याची तार जोडून ती कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत नेली. आवाज शेजारच्या शेतात जाईल हे माझ्या ध्यानात आले नाही. चाळीस वर्षे मोटारी भरल्या, तरी आले नाही. लायसन लागते हे माहीत नव्हते.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला तारीख असते व शेवटी हवामान. त्या दोन्ही वेळी मी यंत्रापाशी उभा राहून आवाज बारीक करायचो. वर्षभरात एकदाही चुकलो नाही. दिनांक ९/१०/२०२४ रोजी मुलाला जाऊन वर्ष झाले. त्या दिवशी साडेसहाला कार्यक्रम लावला, तारखेपुरता आवाज बारीक केला व गोठ्यामागे जाऊन बसलो. तिथे किती वेळ होतो ते सांगता येत नाही. हवामानाच्या वेळी आवाज बारीक करायला कोणी नव्हते.

तक्रारदार गोविंदा हे मेहकर तालुक्यातील असून त्यांनी यंदा शेजारचे शेत ठोक्याने, म्हणजे वर्षाची ठरावीक रक्कम देऊन, केले आहे. त्यांना आमच्या घरचे काही माहीत नव्हते. त्यांच्या बांधावरच्या रेडिओवर त्यांनी त्या दिवशी "पुढील पाच दिवस हवामान कोरडे राहील" असे ऐकले व सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकली नाही. ते हवामान मागच्या वर्षीचे होते. दिनांक १० व ११ रोजी पाऊस झाला व शेंगांना कोंब फुटले. त्यांचे नुकसान माझ्यामुळे झाले. त्यांची तक्रार खरी आहे.

दिनांक १२ रोजी सकाळी झाडावरची तार पाहून ते हवालदारांसह घरी आले व अंगणातच म्हणाले, "कोण हाय तो रेडिओवाला? कोरडं सांगतलं अन् माही गंजी सडली." पत्नी आतून भिंत धरत बाहेर आली. तिने आवाजाच्या दिशेने हात जोडले. म्हणाली, "माह्या पोराचं चुकलं बापा. त्याच्यावर केस नोको करू. रोजंदारीवर हाय थो, काम जाईन त्याचं." गोविंदा माझ्याकडे पाहू लागले. मी नकाराची मान हलवली. त्यांना काय समजले माहीत नाही. ते अंगणातच खाली बसले. हवालदारांनी यंत्र, कार्ड व तार जप्त केली.

त्या दिवसापासून साडेसहाला रेडिओवर काही लागत नाही. पहिले दोन दिवस ती रडली. कालपासून रडत नाही. तिने स्वतःच ठरवून टाकले की चुकीचे हवामान सांगितल्यामुळे प्रेमानंदला कामावरून काढले. काल तिने मला त्याची गादी उन्हात टाकायला लावली. म्हणाली, "गेलं काम तं गेलं. आता घरी तं येईन." वर्षभरात तिला इतकी आनंदी पाहिली नव्हती. मी गादी उन्हात टाकली. जप्त यंत्र परत मागावे की नाही, हे मला समजत नाही. ते मिळाले तर तिचा मुलगा घरी येणार नाही. नाही मिळाले तर ती दारात बसून राहील. साहेब, मला दोन्हीही सोसणार नाही.

घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून पत्नीला सोबत आणले आहे. रेडिओच्या लायसनचे काम आहे, असे तिला सांगितले आहे. ती बाहेर बाकड्यावर गोविंदांशेजारी बसली असून नागपूरची गाडी किती वाजता येते, हे त्यांना विचारत आहे. दार लागत नाही, म्हणून हा जबाब मोठ्याने वाचू नये अशी मी विनंती केली. तो मला कानाशी हळू वाचून दाखवला. सांगितल्याप्रमाणेच लिहिला आहे. सर्व खरे आहे.

सही
पुंजाजी तुकाराम हिवराळे