डबीतून आलेला आवाज

वहिनी : पण भाऊजी, या डबीतल्या तारा एकमेकींना शिवतच नाहीत म्हणता, मग टेपमधला आमच्या ह्यांचा आवाज पलीकडे पोचतो कसा?

भाऊजी : चुंबकाच्या जोरावर. डबीत तारेची दोन वेटोळी आहेत. एकाला टेप जोडलाय, दुसऱ्याला कॉम्प्युटर. दादाची प्रार्थना पलीकडे जाते, विजेची घूं अलीकडेच अडते.

वहिनी : चुंबकाला कसं कळतं, प्रार्थना कुठली न् घूं कुठली?

भाऊजी : वहिनी, मी साधा रेडिओ दुरुस्त करणारा. असं खोदून विचारलंत तर मलाच काही कळेनासं होतं.

वहिनी : आणि एवढी स्वस्त डबी! भाऊजी, टेप झडत आलीय, एकुलती एक. नातीनं आजोबांना पाहिलंसुद्धा नाही. निदान आवाज तरी धड मिळू दे पोरीला.

भाऊजी : म्हणूनच दोनदा उतरवून घेतलाय. एकदा नुसता, एकदा डबी लावून. आता टेपला हात लावायचा नाही. हा घ्या नुसता.

वहिनी : मधमाश्यांच्या पोळ्यात बसून म्हणतायत जणू.

भाऊजी : आणि हा डबीतला.

वहिनी : हो, स्वच्छ आहे. पण हे कोण?

भाऊजी : कोण म्हणजे? दादा!

वहिनी : इतके बारीक? खालच्या सुरात गेले की मला पाठीत जाणवायचं.

भाऊजी : स्वस्त डबी खर्ज थोडा खाते, हे खरं. पण कुणी सांगावं, दादाचा आवाज एवढाच असेल. घूं मिसळली म्हणून पहिल्यात भारदस्त वाटत असेल.

वहिनी : मग खरा कुठला?

भाऊजी : ते तुम्ही सांगायचं. चाळीस वर्षं ऐकलाय तुम्ही.

वहिनी : मघापासून तेच आठवून बघतेय. शब्द आठवतात, खोकणं आठवतं. आवाज येतोसा वाटतो आणि निसटतो. भाऊजी, मला आठवत नाही हो.



भाऊजी : मलाही धड आठवत नाही. फोनवर लोक मला दादा समजायचे, इतकंच.

वहिनी : मग तुम्ही म्हणा ना. तीच प्रार्थना.

भाऊजी : मी? माझा सूर कुठे लागतो?

वहिनी : त्यांचा तरी कुठे लागायचा? देवानं कधी तक्रार केली नाही. म्हणा.

भाऊजी : बरं, म्हणतो. थांबा, कॉम्प्युटरचा माईक चालू दिसतोय, सगळं उतरतंय. आधी बंद करतो.

वहिनी : नको, भाऊजी. चालूच राहू द्या.